वास जाईपर्यंत

११ जून

ही डायरी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात सापडली. कोट न्यायला साहेब आले तेव्हा मी सरळ विचारलं, "खिशात काही राहिलंय का तुमचं?" ते म्हणाले, "छे." मग माझी झाली. पानं कोरी आहेत, पुठ्ठा चांगला आहे. मोठं काम हाती घेतलंय, तेव्हा लिहून ठेवावं म्हटलं.

काम असं, की इस्पितळातल्या बाळंतपणाच्या वॉर्डाचं सगळं धुणं आजपासून आपल्या लाँड्रीकडे आलं. चादरी, अभ्रे, झगे, बाळांची दुपटी आणि खाटांवरच्या मच्छरदाण्या. आधीचा धुलाईवाला रक्ताचे डाग पिवळे करून परत द्यायचा. मी नमुन्याची एक चादर धुऊन नेली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी ती खिडकीशी धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "ही आमचीच का?" तिथंच काम मिळालं.

डाग आणि वास, माझे वैरी एवढेच. बाकी माझं कुणाशी वाकडं नाही. आई गेल्यावर लाँड्री मी चालवली आणि धाकट्याला मी वाढवलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. गाडीवरून गाठोडी पोचवतो आणि मी सांगेन त्याला हो म्हणतो. त्याची बायको सुती. खरं नाव वेगळं आहे, पण जरा हात लागला की चुरगळते, म्हणून मीच तिला सुती म्हणायला लागले, आता सगळेच म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या धुण्याला एकदा चांगलं म्हटलं असेल तर शपथ. तिला दिवस गेलेत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात लहान मूल कधी आलंच नाही. आता येणार या विचाराने हौदाशी उभ्या उभ्या मला हसू फुटतं. बाळ पहिलं माझ्या हातात द्यायचं, हे मी धाकट्याला बजावून ठेवलंय.

१७ जून

तेरा तारखेला मच्छरदाण्यांचं पहिलं गाठोडं आलं. देताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, जाळ्या वेगळ्या काढा. औषध लावलेल्या आहेत. साधं पाणी, हलका हात, सावलीत वाळवण. आणि सारख्या धुवायच्या नाहीत."

मी हो म्हटलं. मोठ्या लोकांना हो म्हणावं आणि आपल्याला कळतं ते करावं. नुसत्या पाण्यातून काढलेल्या कापडाला मी धुतलेलं म्हणत नाही. जाळ्या मळकट निळसर झाल्या होत्या आणि नाकात जाईल असा वास मारत होत्या. भट्टी पेटवली, सोड्यात उकळल्या, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत ठेवल्या आणि दोन दिवस कडक उन्हात तारेवर टाकल्या. औषधाचं म्हणाल तर पक्की गोष्ट धुऊन जात नाही. पक्का रंग कितीही आपटा, टिकतो. जे जातं ते मुळात कच्चं असतं आणि ते गेलेलंच बरं.

परत केल्या तेव्हा वॉर्ड उजळला. खाटेवरची एक बाळंतीण म्हणाली, "नव्या आणल्या का?" मला भरून आलं.

२५ जून

सुती काल तपासणीहून आली ती बगलेत पिशवी घेऊन. गरोदर बायकांना इस्पितळातून एकेक मच्छरदाणी देतात. पिशवी उघडली आणि घरभर वास सुटला. सुती तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. सध्या तिला कशानेही उलटी होते. परत येऊन म्हणते, "सिस्टर म्हणाल्या, एक दिवस सावलीत टाकली की वास कमी होतो."

"कमी कशाला, जाईलच," मी म्हटलं.

"पण वन्सं, धुवायची नाही म्हणाल्या त्या."

"तू पोरीसारखं सगळं ऐकतेस. तुला उलट्या होतायत आणि मी वास घरात ठेवू?"

रात्री तिनं ती तशीच लावली होती. सकाळी खाली जमिनीवर मेलेले डास. ते झाडत बसली. नुकत्या पुसलेल्या फरशीवर मेलेले डास मला बघवेनात. मी जाळी ओढली आणि वॉर्डाच्या जाळ्यांबरोबर भट्टीत टाकली. तिच्यासाठीच केलं, पण उपकार मानतील तर ती माणसं कसली.

१ जुलै

सुतीच्या जाळीला आता कसलाही वास नाही. फरशीवर मेलेला डास एकही दिसत नाही. स्वच्छ.

१५ जुलै

आज वाद झाला. गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी असते आणि वॉर्डाचं मोठं गाठोडंही मंगळवारीच येतं. सुती म्हणाली, "आज मलेरियाच्या गोळ्या देणार आहेत. ताप नसला तरी घ्यायच्या असतात, बाळासाठी."

"ताप नसताना गोळी? उद्या म्हणतील भूक नसताना जेव," मी म्हटलं. "दुपटी मोजून कोण देणार?"

धाकट्याकडे तिनं पाहिलं. धाकटा म्हणाला, "पुढच्या खेपेला जा. ताई एकटी पडते." शहाणा माझा. तिनं दुपटी मोजली, दोनदा चुकली, पुन्हा मोजली. चेहरा असा, की जणू मीच तिच्या तोंडातला घास काढला. अशा चेहऱ्यांची मला चीड येते.

१२ ऑगस्ट

पुन्हा मंगळवार, पुन्हा गाठोडं. या खेपेला तिनं विचारलंच नाही. अंगवळणी पडतंय.

२० ऑगस्ट

सुतीला हुडहुडी भरली. दुपारच्या उन्हात दोन चादरी घेऊन कुडकुडत होती, मग घामाने निथळली. वॉर्डाच्या चादरी घेतल्या म्हणून मी बोलले. नंतर वाईट वाटलं आणि कपाळावर पट्ट्या ठेवल्या. "बाळ हलतंय ना?" मी विचारलं. "हलतंय," म्हणाली. तेवढं बस.

२२ ऑगस्ट

धाकट्याने तिला इस्पितळात नेलं. बोटातून रक्त घेतलं, काचेवर पाहिलं. मलेरिया नाही. तपासणाऱ्याने सांगितलं, "रक्त स्वच्छ आहे."

मी ते ऐकून हसलेच. "स्वच्छ असणारच. कुणाच्या घरात राहते ती?" धाकटाही हसला. सुती नाही हसली. म्हणाली, "मग मला ताप का येतोय?" मी म्हटलं, "कामाचा कंटाळा आला की अंग तापतं, मी बरीच वर्षं बघतेय." हे जरा जास्त झालं बहुतेक. पण काचेखाली बघून सांगितलंय, मी मनाने सांगत नाहीये.

१९ सप्टेंबर

सुतीचे ओठ पांढरे पडलेत. पापणी ओढून पाहिली, आत लाली नाही. जिने चढते तर धापा टाकते. ताप येतो, जातो. मी तिला बसून करायची कामं देते, बटणं लावणं, खुणेची शाई लावणं. कोण देतं इतकं? तिच्या आईचा निरोप आला, "तिला थोडे दिवस पाठवा." मी कळवलं, "बाळ इथं होईल, इस्पितळात आपली ओळख आहे."

१० ऑक्टोबर

मुलगी झाली. दिवस भरले नव्हते. इतकी लहान की तळहातावर घडी करून ठेवावी. मोठ्या सिस्टरांनी आधी माझ्या हातात दिली, ओळखीचा उपयोग होतो तो असा. मी तिला पाहिलं आणि आपोआप तोंडातून आलं, "चिंधी." सुती खाटेवरून म्हणाली, "मला दाखवा." मी दाखवली. लांबून.

चिंधीचे डोळे बंद होते आणि मूठ माझ्या बोटाला घट्ट. मी रडले. असं रडू मला आईच्या वेळेलाही आलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्या काही बाळंतिणींची वार तपासतात. बाळंतपणानंतर जी बाहेर पडते ती, बाळ पोटात जिच्यातून पोसलं जातं. सुतीच्या वारेचा तुकडाही त्यांनी भिंगाखाली पाहिला होता.

म्हणाल्या, "मलेरिया होता. रक्तात दिसला नाही, कारण तो वारेत दडून बसला होता. काळे डाग सापडले."

मी विचारलं, "डाग कुठे?"

"वारेत. आत."

आम्ही तिघं बाहेर आलो. मीच बोलले. "माझ्या घरात आजवर डाग राहिला नव्हता," मी सुतीला म्हटलं. "तू आत घेऊन आलीस." तिचे टाके अजून ओले आहेत, हे मला मागून आठवलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि धाकट्याने तिचा हात धरला. माझ्यासमोर त्याने तिचा हात कधी धरला नव्हता.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई आणखी काय म्हणाल्या ते काल लिहायचं राहिलं, कारण राग आला होता. म्हणाल्या, "अशा बाळांना पहिल्या वर्षात फार जपायचं. पोटात असतानाच त्यांची या रोगाशी ओळख होते. पुढे डासाने तोच रोग आणला, तर काही बाळांचं शरीर त्याला परका समजतच नाही, त्याच्याशी भांडत नाही, असं आम्हाला वाटतं. पक्कं कुणालाच माहीत नाही. पण अशा बाळांना मलेरिया लवकर होतो आणि पुन्हा पुन्हा होतो, असं दिसून आलंय. तेव्हा जाळी सोडायची नाही."

पक्कं माहीत नाही म्हणतात आणि वर अर्धा तास सांगतात. पण जाळीचं मी मनावर घेतलं. चिंधीची जाळी मी दर आठवड्याला धुणार, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.

१८ नोव्हेंबर

चिंधी हसते. माझ्याकडे बघून जास्त हसते, हे धाकट्यानेही कबूल केलं. सुतीला दूध पुरतं आहे, चिंधी अंग धरते आहे. मी तिच्या जाळीला शेवटच्या पाण्यात नीळ देते. उन्हात डोळे दिपतात.

२० डिसेंबर

मोठ्या सिस्टर माझ्या हात धुऊन मागे लागल्यात. म्हणाल्या, "तुमच्याकडे धुणं गेल्यापासून वॉर्डात जाळ्यांवर डास बसायला लागलेत. आधी बसत नव्हते."

"आधीही बसत असतील," मी म्हटलं. "मळक्या जाळीवर दिसत नव्हते. पांढऱ्यावर दिसतात."

त्या म्हणाल्या, "यापुढे जाळ्या इथंच धुऊ, तुम्ही बाकीचं बघा." एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. येताना गाडीत धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि नुसता समोर बघत बसला. मी म्हटलं, "चल की." मग चालवायला लागला.

१७ जानेवारी

चिंधीला ताप. अंग तव्यासारखं. धाकटा आणि सुती तिला घेऊन पळाले, मी लाँड्री उघडी टाकून मागून गेले. मलेरिया. या वेळी रक्तातच दिसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळाला सहसा इतक्या लवकर होत नाही. मी म्हटलं होतं ना." आणि विचारलं, "जाळीत झोपते ना?"

"जाळीशिवाय एक रात्र नाही," मी सांगितलं. "आणि जाळी कशी, धुतल्या तांदळासारखी."

त्या काही बोलणार होत्या, पण पलीकडून कुणीतरी हाक मारली.

२६ जानेवारी

औषध लागू पडलं. चिंधी वाळली आहे, पण हसते. समोरच्या घरातल्या बाईचं बाळ चिंधीच्याच वयाचं आहे. जाळी नाही, काही नाही, उघड्यावर लोळतं आणि गुटगुटीत. मी सुतीला ते दाखवलं. "जाळीचं एवढं काही नसतं बघ. मूळ चांगलं लागतं," मी म्हटलं. सुती म्हणाली, "तिच्या आईने सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या." तोंडात मारल्यासारखं झालं. मग मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

५ मार्च

पुन्हा ताप, पुन्हा मलेरिया. रक्त चढवावं लागलं. तिच्या हातावर शीर सापडेना, टोचून टोचून शेवटी डोक्यावर सापडली. मी खोलीबाहेर गेले, मला बघवेना. सुती आत राहिली, चिंधीचे पाय धरून. ती रडत नव्हती. मला वाटलं, कशी ही आई.

११ मार्च

चिंधी घरी आली. सुतीने आज अचानक विचारलं, "वन्सं, तुम्ही जाळी कशात धुता?"

माझ्या धुण्याबद्दल तिनं कधी चौकशी केली नव्हती. मी सगळं सांगितलं. सोडा किती, उकळायचं किती, ब्लीचिंगचं पाणी कसं कडक ठेवायचं, ऊन किती द्यायचं, नीळ शेवटी का. ही कृती मी कुणाला दिलेली नाही. मी सांगत असताना ती खालीच बसली, हौदाच्या कडेला टेकून. अशक्तपणा गेलेला नाही तिचा.

"पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

"अगदी पहिल्यापासून," मी म्हटलं. मला बरं वाटलं. घरच्या धंद्यात रस घेतला तर माणूस घरचं होतं.

१३ मार्च

बरं वाटलं ते चुकलंच. सुतीने मोठ्या सिस्टरांकडून नवी मच्छरदाणी आणली. स्वतः बांधली, चारी कोपऱ्यांना आपल्या गाठी मारल्या आणि माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "वन्सं, हिला हात लावायचा नाही. हिच्यातलं औषधच डास मारतं. तुम्ही ते धुऊन टाकत होता."

"औषध पक्कं असेल तर जाईलच कसं?"

"गेलं," ती म्हणाली. "मी पोटुशी होते तेव्हाच गेलं."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, राहू दे तेवढी." ज्याला मी कडेवर घेऊन भट्टीशी उभी राहायचे तो. मला रात्री झोप आली नाही. माझ्या हातून गेलेल्या कापडात कधी खोट निघालेली नाही. शिकलेल्या बायका एकमेकींना काहीही सांगतात आणि ही ऐकते.

२० मार्च

सुती चिंधीच्या औषधासाठी इस्पितळात गेली होती. चिंधी जाळीत झोपलेली. जाळीचा तो वास, घशाला खवखवेल असा. चिंधी दोनदा शिंकली. खाली बघते तर मेलेले डास. जिथं बसल्या बसल्या डास मरतो तिथं मी एवढासा जीव ठेवायचा? हे विषच झालं. मला कुणी पटवून द्यावं की ते पोरीच्या छातीत जात नाही.

मी जाळी काढली. भट्टी तयारच होती. वास जाईपर्यंत धुतली, तीन पाणी जास्त दिली. भर उन्हात आणि वाऱ्यात, वाळायला कितीसा वेळ लागतो. पुन्हा बांधली आणि सुतीच्या गाठी हुबेहूब मारल्या. गाठी सोडणं आणि मारणं यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी काही बोळ्याने दूध पीत नाही. जाळी जिच्यातून आली ती प्लॅस्टिकची पिशवी कोपऱ्यात पडली होती, तिला वास होताच. ती घडी करून गादीखाली सरकवली. सुती आली, जाळीशी वाकली, वास घेतला आणि निर्धास्त झाली. तिला वास हवा होता, वास मिळाला. चिंधी मोकळा श्वास घेते आहे. सगळ्यांचं भलं झालं.

१४ एप्रिल

आज चिंधीच्या जाळीवर आतल्या अंगाला एक डास बसलेला पाहिला. पोट लाल, फुगलेलं. आरामात बसला होता. टाळी वाजवून मारला तर पांढऱ्या जाळीवर रक्ताचा ठिपका उठला. चिंधीचं रक्त. मनात काहीतरी आलं. मग मी थंड पाणी आणलं आणि ठिपका लगेच काढला, रक्त ताजं असतानाच काढावं लागतं. निघाला.

२ मे

पुन्हा ताप. सुती म्हणते, "जाळी तर आहे. वासही आहे." धाकट्याला विचारते, मला विचारते, डॉक्टरीणबाईंना विचारते. डॉक्टरीणबाई म्हणतात, "एखादा डास सुटतो. आणि हिचं शरीर त्याला अडवत नाही."

सुती स्वतःला दोष देते. तिनं मंगळवारच्या गोळ्या चुकवल्या म्हणून, मला वाटतं. मी तिची समजूत काढली. "झालं ते झालं," मी म्हटलं. मी मनात धरून बसणारी नाही.

६ मे

चिंधी गेली.

९ मे

कालपर्यंत हातात पेन धरवलं नाही. पांढरी पडत गेली ती. पांढरा रंग मी आयुष्यभर कमावला, पण असा पाहिला नव्हता. पहाटे श्वास घेतला तो सोडला आणि पुढचा घेतलाच नाही. मी हाक मारली, "चिंधे." धाकट्याने मला बाजूला केलं. हलक्या हातानेच केलं, पण बाजूला केलं.

माझी होती ती. लोक सुतीला भेटायला येतात.

१५ मे

परवा सुती गादी उचलत होती. खालून पिशवी निघाली. सुतीने ती उचलली. मग माझ्या दारात आली.

"ही कोणी ठेवली?"

लपवायचं काय त्यात? "मी," मी म्हटलं. "जाळी धुतली होती. तुला वास हवा असायचा, म्हणून."

तिनं पिशवीची घडी घातली, आणखी लहान घडी घातली, मुठीत मावेल एवढी. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती घडी मुठीत घेऊन गेली. तेव्हापासून धाकटा माझ्याशी कामापुरतं बोलतो.

२७ मे

सुतीची बांधाबांध चालू आहे. दोघं तिच्या आईकडे जाणार. धाकटासुद्धा. लाँड्रीचं काय विचारलं तर म्हणाला, "तू आहेस की." एवढंच.

सुती चिंधीचं दुपटं सोडत नाही. शेवटच्या दिवशी अंगावर होतं ते. नाकाशी धरते आणि डोळे मिटते. दूध, औषध, घाम, काय काय मुरलंय त्यात. कडेला पिवळा डाग धरलाय. माझ्या घरातून असं कापड बाहेर जाणार? लोक काय म्हणतील ते सोडा, मला सहन होत नाही. आणि तिला असं कुबट दुपटं छातीशी धरून बसलेली बघून माझं काळीज तुटतं. तिचं माझं पटलं नाही, पण मी दगड नाही.

२८ मे

तिला आज दुपारी प्रथमच गाढ झोप लागली. मी दुपटं तिच्या हातातून अलगद सोडवलं. बोटं घट्ट होती, एकेक उघडावं लागलं.

भट्टीत टाकलं नाही, हाताने धुतलं. कोमट पाणी, चांगला साबण, डागाला ब्लीचिंगचा एक थेंब. धुताना मी रडत होते. शेवटच्या पाण्यात नीळ दिली, उन्हात वाळवलं, इस्त्री फिरवली आणि चौकोनी घडी करून तिच्या उशाशी ठेवलं. इतकं चांगलं धुणं मी वॉर्डासाठीही कधी केलं नव्हतं. वाटलं, जाताना तरी मनात राग नको.

ती उठली. हात चाचपले, घडी दिसली. उलगडून नाकाशी नेली. एका कोपऱ्याचा वास घेतला, मग दुसऱ्या, मग सगळं दुपटं तोंडावर दाबलं आणि तशीच बसून राहिली. धाकटा दारात येऊन थांबला होता, गाठोडं त्याच्या हातातच.

शेवटी तिनं तोंड वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाली, "वन्सं, काही म्हणजे काही उरलं नाही. अगदी स्वच्छ झालं."

लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्या धुण्याला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं. मला बरं वाटलं.